पितळी व्हॉल्व्हमध्ये प्लंजर बसवणारा रोबोट हात : मकरपुऱ्यातल्या पाच महिन्यांच्या नोंदी

आमचं छोटं युनिट वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत आहे. हवेच्या लाइनवर बसणारे पितळी व्हॉल्व्ह आम्ही बनवतो. बॉडीत ८ मिमीचं भोक, त्यात स्टेनलेसचा प्लंजर, म्हणजे मागे-पुढे सरकणारा दांडा, त्यावर एक ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, मागे स्प्रिंग, वर टोपी. दिवसाला चारशेच्या आसपास नग निघतात आणि प्रत्येक प्लंजर आजवर मावशींच्या हाताने बसत आलाय. मावशी बावीस वर्षं आमच्याकडे आहेत. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा अंगठा दुखायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, दाबायचं काम कमी करा. त्यांच्या जागी तीन मुलं येऊन गेली, एकही महिनाभर टिकला नाही. म्हणून प्लंजर बसवायचं काम रोबोट हाताकडे द्यायचं ठरवलं.

सुरुवात करण्याआधी मी बरंच शोधलं. सगळीकडे झोकात चालणाऱ्या रोबोटचे व्हिडिओ. तो चालू होण्याआधी काय काय अडलं, ते कुणी लिहीत नाही. माझ्यासारखं छोटं युनिट असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून या नोंदी ठेवतोय.

एक आकडा आधीच सांगतो. भोक एच७, प्लंजर जी६, ही मापात किती फरक चालेल ते सांगणारी ठरलेली नावं. म्हणजे दोघांमधली मोकळीक कमीत कमी ५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), जास्तीत जास्त २९. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी याच मोकळिकीतून आल्या.

३१ मार्च २०२५

काल पाडवा झाला, आज हात आला. युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीचा यूआर३ई, सेकंडहँड, जुन्या मशिनी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून, ८ लाख ६० हजार. हाताचं वजन ११.२ किलो, मी एकट्याने खोक्यातून उचलून बाहेर काढला. पोच ५०० मिमी, उचलण्याची ताकद ३ किलो. आमचा प्लंजर २४ ग्रॅमचा, तेव्हा ताकदीचा प्रश्नच नव्हता.

घेताना एक मोह टाळला, तो सांगून ठेवतो. ‘ई’ नसलेला जुना यूआर३ बराच स्वस्त मिळत होता. तो २०१५ चा नमुना. त्याची रिपीटेबिलिटी, म्हणजे शिकवलेल्या जागी परत येताना पडणारा फरक, ±०.१ मिमी. २०१८ मध्ये आलेल्या ई मालिकेत ती ±०.०३ झाली, आणि मुख्य म्हणजे टूल फ्लँजमध्ये, म्हणजे हाताच्या टोकाच्या चकतीत, जोर मोजणारा फोर्स सेन्सर आतच असतो. भोकात काहीतरी बसवायचं काम असेल तर सेन्सर लागतोच. तो वेगळा घ्यायला गेलात तर वाचवलेले पैसे तिथेच जातील.

४ एप्रिल

चार दिवस फुकट गेले. हात चालू होतो, हलतो, पण सेफ्टीच्या सेटिंगला आधीच्या मालकाचा पासवर्ड. व्यापाऱ्याला फोन केला तर त्याच्याकडे नाही, आधीच्या मालकाचं युनिट बंद झालेलं. शेवटी सर्व्हिसवाल्यांना बोलावून सगळं नव्याने टाकून घेतलं. १८ हजार. सेकंडहँड घेणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी स्वतः सेफ्टीच्या पानावर जाऊन एखादी मर्यादा बदलून बघावी. पाच मिनिटांचं काम आहे, मी केलं नाही.

९ एप्रिल

टेबल फसलं.

अॅल्युमिनियम प्रोफाइलचं टेबल बनवून घेतलं होतं, २२ हजारांचं, खाली ब्रेकची चाकं. हात चार एम६ बोल्टांनी घट्ट बसवला. लेथवरचे काका बाजूला उभे होते. म्हणाले, “डायल लावून बघ आधी.” डायल म्हणजे सुईवर बारीक हालचाल दाखवणारा गेज. जमिनीवर लोखंडी ठोकळा ठेवला, त्यावर मॅग्नेटिक स्टँड, डायलचं टोक टेबलाच्या कडेला. हात नुसता डावीकडून उजवीकडे फिरवून थांबवला. सुई ०.४ मिमीपर्यंत गेली आणि हेलकावे घेत दीड सेकंदाने स्थिर झाली.

हात स्वतः ±०.०३ वर परत येतो, पण त्याच्या पायाखालची जमीनच ०.४ हलते. चाकं काढून पाय लावले तरी ०.१५ राहिलं. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय, की बसवायची जागा पायाच्या सांध्याच्या पूर्ण टॉर्कच्या किमान दहा पट आणि हाताच्या वजनाच्या किमान पाच पट झेलणारी हवी. मी ११ किलोचा आकडा बघितला आणि म्हटलं, एवढ्याशा हाताला किती लागणार. वजनापेक्षा हात थांबताना बसणारा हिसका मोठा असतो, हे डायल लावल्यावर कळलं.

१८ एप्रिल

काकांनी भंगारातून बिडाचं जुनं मार्किंग टेबल शोधून काढलं. ११,५०० रुपये, वर प्लेनिंगचे ६ हजार. काका कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं ते कलाभवन आता विद्यापीठाच्या नावाने ओळखलं जातं, पण काका अजून कलाभवनच म्हणतात. तिथे त्यांना पहिले काही महिने फक्त फाइल आणि स्क्रेपर दिला होता, असं ते सांगतात. प्लेनिंग झाल्यावरही त्यांचं समाधान होईना. हाताचा पाया जिथे बसतो तेवढी जागा त्यांनी निळा रंग लावून, सरफेस प्लेट घासून, स्क्रेपरने दोन दिवस खरवडली. मला वाटत होतं एवढं कशाला. आज तोच डायल लावला. सुई ०.०२ च्या आत, आणि हात थांबला की तीही थांबते.

अॅल्युमिनियमचं टेबल आता पॅकिंगला वापरतो.

२६ एप्रिल

ग्रिपर. हवेवर चालणारा दोन बोटांचा साधा ग्रिपर घेतला. सोलेनॉइड (हवा सोडणारा-अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह), फिल्टर-रेग्युलेटर, फिटिंग धरून ४६ हजार. विजेवर चालणारे ग्रिपर जास्त सोयीचे, पण दुपटीच्या वर जात होते आणि हवा आमच्याकडे होतीच.

बरोबर आलेल्या सपाट बोटांत गोल प्लंजर दर वेळी वेगळ्या जागी बसायचा. काकांनी अॅल्युमिनियमची बोटं बनवून त्यात ९० अंशांची व्ही खाच मारली. खाचेत गोल पार्ट आपोआप मधोमध येतो, थोडा तिरका उचलला तरी. ज्यांचा पार्ट गोल आहे त्यांनी सपाट बोटांवर एक दिवससुद्धा घालवू नये.

टीसीपी शिकवताना, म्हणजे बोटांचं नेमकं टोक कुठे आहे ते हाताला सांगताना, चूक झाली. एकाच बिंदूला चार वेगवेगळ्या दिशांनी टोक टेकवून ते काढायचं असतं. मी त्यासाठी जी टोकदार पिन ग्रिपरमध्ये धरली ती वाकडी होती. मनगट फिरवलं की टोक ०.६ मिमी भटकायचं. सबंध दिवस मी सॉफ्टवेअरला दोष देत बसलो. संध्याकाळी पिन व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवली तेव्हा दिसलं.

३ मे

फोर्स मोड पहिल्यांदा चालू केला. या मोडमध्ये हाताला जागा न सांगता जोर सांगायचा असतो, अमुक न्यूटनने खाली दाब आणि बाजूला सैल राहा. चालू करताच हात खाली जाण्याऐवजी हळूहळू एका बाजूला सरकत गेला. ग्रिपरचं वजन मी ४०० ग्रॅम भरलं होतं, कॅटलॉगमधून. नवी बोटं, फिटिंग आणि ब्रॅकेट धरून ते ६२० ग्रॅम भरलं. गुरुत्वमध्यही चुकीचा. हातातच वजन काढून देण्याची सोय आहे. ग्रिपर लावलेल्या अवस्थेत तो चार पोझिशनमध्ये फिरवायचा, तो स्वतः आकडे काढतो. ते केल्यावर सरकणं थांबलं.

तरीही २-३ न्यूटनचा फरक येतच होता. कारण सापडायला दोन दिवस लागले. हवेची ६ मिमीची नळी कडक होती आणि मनगट फिरलं की ती ग्रिपरला ओढायची. सेन्सरला ती ओढ आणि पार्टची ओढ सारखीच. ४ मिमीची मऊ नळी घेतली, मोठा वळसा देऊन खांद्याजवळ बांधली. शिवाय सेन्सरची अचूकता कंपनी ३.५ न्यूटन देते, तेव्हा २ न्यूटनवर निर्णय घेणारा प्रोग्रॅम लिहूच नये. पार्टला टेकण्याच्या अगदी आधी, हवेत थांबून, सेन्सर शून्य करायचा. दर नगाला. त्याला अर्धा सेकंद जातो, तो जाऊ द्या.

१६ मे

ट्रे. इथे पैसे आणि वेळ दोन्ही गेले.

बॉडी ठेवायला ६ गुणिले ८ असे अठ्ठेचाळीस खड्ड्यांचे ट्रे हवे होते. पहिला थ्रीडी प्रिंट केला, पीएलए प्लास्टिकचा, ३,२०० रुपये. पत्र्याची शेड, मे महिन्यातलं वडोदरं, ट्रे खिडकीपाशी. चार दिवसांत त्याला बाक आला. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि उन्हात ठेवलेल्या वस्तूला तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

दुसरा डेलरिन या कडक प्लास्टिकचा, व्हीएमसी मिलिंग मशीनवर करून घेतला, १४,८००. सुंदर झाला होता. सकाळी आठला सगळे खड्डे शिकवले, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बरोबर. दुपारी अडीचला शेवटच्या दोन ओळींतले प्लंजर भोकाच्या कडेवर टेकायला लागले. सकाळी परत बरोबर. दुपारी परत चूक. मला वाटलं टेबल सैल झालं, मग वाटलं हात गरम होतोय.

काकांनी ट्रेच्या कडेला हात लावला आणि म्हणाले, “हा फुगतोय रे.” मग हिशोब केला. डेलरिन मीटरमागे एका अंशाला साधारण ११० मायक्रॉन वाढतं. आमच्या डॉवेलपासून, म्हणजे ट्रेची जागा पक्की करणाऱ्या पिनेपासून, शेवटचा खड्डा २४५ मिमीवर. सकाळ आणि दुपार यांत शेडमध्ये १२ अंशांचा फरक. गुणाकार ०.३२ मिमी येतो. डायलवर ०.२८ दिसलं. आणि भोकाच्या तोंडाचा चॅम्फर, म्हणजे तिरकी कापलेली कड, किती? ०.३. सगळा खेळ तिथेच संपत होता.

अॅल्युमिनियम २३ मायक्रॉन वाढतं, लोखंड १२. टेबल बिडाचं, त्याची वाढ लोखंडाच्या जवळपास. म्हणून माइल्ड स्टीलची १२ मिमीची प्लेट घेतली, ब्लॅकनिंग करून. दोन प्लेटचे १९,५००. दोन यासाठी, की साडेसहा किलोची प्लेट मावशींनी दर वेळी उचलावी हे बरोबर नाही. दोन्ही प्लेट टेबलाला कायमच्या बोल्ट केल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. हात उजवीकडे काम करत असताना मावशी डावीकडे बॉडी ठेवतात आणि मग उलट.

आणखी एक. मी एका कोपऱ्याचा खड्डा शिकवून बाकीचे ३५ मिमीच्या अंतराने मोजून दिले होते. ±०.०३ हा आकडा शिकवलेल्या जागी परत येण्याचा आहे. मोजून दिलेल्या जागी जाताना तो लागू होत नाही. लांबच्या कोपऱ्यात ०.२ चा फरक निघाला. आता चारही कोपरे शिकवतो आणि मधले त्यांवरून काढतो.

१९ मे ते २४ मे

एवढं सगळं करूनही शंभरातले तीस प्लंजर बसत नव्हते. तोंडाशी जात, मग दोन-तीन मिमी आत जाऊन अडकत. जोर वाढवला तर जास्तच घट्ट. उघडून बघितलं तर भोकात एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली ओरखडा. प्लंजर किंचित तिरका जाऊन दोन जागी टेकतो आणि मग तुम्ही जितकं दाबाल तितका तो स्वतःला जखडतो. पाचर बसते तसं. मी स्पायरल सर्च, म्हणजे गोल गोल फिरत भोक शोधणं, लावला, वेग कमी केला, दाब ५ पासून २० न्यूटनपर्यंत सगळे बघितले. सहा दिवस. तीसाचे बावीस झाले, पुढे नाही.

२६ मे

आज प्रोग्रॅम बंद ठेवला आणि मावशींच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. “मावशी, जरा हळू करून दाखवा.”

त्यांना हळू करताच येईना. हळू करायला गेल्या की त्यांचाही अडकायचा. शेवटी मोबाइलवर जवळून व्हिडिओ काढला आणि आम्ही दोघांनी तो संथ करून बघितला. त्या स्वतः चकित झाल्या. “असं करते मी?”

त्या प्लंजर सरळ धरतच नाहीत. अंगठा आणि दोन बोटांत तो कलता धरतात, चारेक अंश असेल. खालची एक कड भोकाच्या कडेला टेकवतात. तिथे कड सापडली की मगच उभा करतात, आणि उभा होता होता तो आपण होऊन भोकात दीड-दोन मिमी उतरतो. आणि मग, हे मला बावीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं, त्या क्षणभर बोटं सैल सोडतात. प्लंजर बोटांच्या मध्ये नुसता उभा असतो, भोकाला हवा तसा. परत धरतात, आणि पाव वळसा देत आत नेतात.

मी म्हटलं, “सोडता का?” त्या म्हणाल्या, “अरे, तू ढकलतोयस. त्याला त्याची वाट बघू द्यायची. मग तो जातो.”

३० मे

मावशींचं तसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये उतरवलं. मनगट ४ अंश कलतं. ५ न्यूटनने टेकणं. कड सापडली की उभं करणं, बाजूंना सैल ठेवून. २ मिमी आत गेला की ग्रिपर उघडायचा, ०.२ सेकंद थांबायचं, परत धरायचा. मग जोर वाढवून खाली, आणि त्याच वेळी मनगट मागे-पुढे पंधरा पंधरा अंश. यूआर३ईचा शेवटचा सांधा कितीही फिरतो, पण नळी गुंडाळली जाते म्हणून मागे-पुढेच ठेवलं.

ग्रिपर पूर्ण उघडला तर बोटं शेजारच्या बॉडीला लागत होती. काकांनी बोटांच्या मागे एक स्टॉप स्क्रू टाकला, आता ती दोन्ही मिळून २ मिमीच उघडतात.

शंभरातले सत्त्याण्णव बसले. मी मावशींना हाक मारून आणलं. हात जेव्हा थांबून बोटं सैल सोडतो, तिथे त्यांनी मान हलवली.

२ जून

मावशी शेजारी बसणार म्हणून सुरक्षेची तपासणी. तोवर त्यांना पिवळ्या पट्टीच्या बाहेर ठेवलं होतं. अशा हाताला कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी काम करणारा रोबोट, म्हणतात म्हणून जाळी लागत नाही, असं विकणारे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. हात सुरक्षित असला तरी त्याच्या टोकाला तुम्ही काय लावलंय आणि माणूस कुठे बसतोय, यावर सगळं ठरतं. आयएसओ/टीएस १५०६६ हे २०१६ मध्ये आलेलं पत्रक यासाठी वाचायलाच हवं. त्यातला मजकूर आता २०२५ च्या आयएसओ १०२१८-२ मध्ये घेतलाय. शरीराच्या कुठल्या भागावर किती दाब चालेल याचा त्यात तक्ता आहे. माणसाचा पंजा किंवा बोटं चिमटली तर १४० न्यूटनपर्यंत. चेहरा ६५.

हा चेहऱ्याचा आकडा वाचून मी मावशींच्या स्टुलावर जाऊन बसलो, बॉडी ठेवायला पुढे वाकलो आणि हात अगदी हळू चालवला. कोपर माझ्या गालाच्या वीतभर समोरून गेलं. उभं राहून बघताना हे कधीच दिसलं नव्हतं.

चेहऱ्याचा प्रश्न आकड्यांनी सोडवायचा नाही, असं ठरवलं. हात तिथून जाणारच नाही असं केलं. पाया टेबलाच्या मागच्या कडेला १८० मिमी सरकवला, सगळे खड्डे परत शिकवले, सेफ्टी प्लेन टाकून मावशींच्या बाजूची हद्द बंद केली. बोटांच्या कडांना काकांनी २ मिमीची गोलाई दिली. बलमापक भाड्याने आणून, साडेसात हजार, पंजाच्या उंचीवर मोजलं. १४० च्या बरंच आत आहे. दोन दिवस गेले आणि ते जायलाच हवे होते.

१० जून

वटपौर्णिमा, मावशी रजेवर. पहिल्यांदाच हात त्यांच्याशिवाय चालवला. पोराने बॉडी ठेवल्या, १२० नग. बसायला सगळे बसले, एकही अडकला नाही. संध्याकाळी ६ बारवर पाण्यात लीक टेस्ट घेतली. सतरा नगांतून बुडबुडे.

गेल्या आठवडाभर शंभरात एखादा लीक होत होता. उघडून बघितले तर सतराही ठिकाणी ओ-रिंगचा कडेचा बारीक तुकडा कातरलेला, नखाएवढाही नाही. बॉडीत मधोमध एक आडवं भोक आहे, ओ-रिंगला त्याच्यावरून जावं लागतं. तिथली कड धारदार असेल तर ती रिंग सोलते. पण आज एवढे एकदम का? ग्रीस तेच, प्रोग्रॅम तोच, लॉट तोच. रात्री साडेनऊपर्यंत बसलो. जोर कमी केला, वळसा वाढवला, काही फरक नाही.

११ जून

सकाळी मावशी आल्या. सतरा नग त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी एक बॉडी घेतली, करंगळीचं टोक भोकात घातलं, जरा फिरवलं आणि म्हणाल्या, “हिला बर आहे. ही कशाला घेतलीस?” बर म्हणजे ड्रिल केल्यावर कडेला उरलेली धातूची धारदार किनार.

मग खाली वाकून टेबलाखालचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात साठ-सत्तर बॉडी. “बर असलेल्या मी बाजूला टाकते ना. महिनाअखेर काका साफ करून देतात.”

बावीस वर्षं त्या प्रत्येक बॉडीत करंगळी घालून बघत होत्या. त्यांच्या कामाच्या कागदावर फक्त ‘प्लंजर बसवणे’ एवढंच लिहिलंय. तो कागद मीच टाइप केलेला. तपासणीचं हे काम आमच्या कुठल्याच हिशोबात नव्हतं, म्हणून मी रोबोटसाठी जेव्हा वेळ मोजली तेव्हा त्यात ते धरलंच नाही. मला याचं फार वाईट वाटलं. मावशींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

१२ ते २० जून

तीन गोष्टी केल्या. आडवं भोक ड्रिल झाल्यावर लगेच नायलॉनच्या घासणीचा एक फेरा, ड्रिलवरच. घासण्या, शिल्डवाल्या केबल आणि इतर किरकोळ धरून ९ हजार. दुसरं, मावशींची तपासणी आता कागदावर आली आणि त्यासाठी वेळही धरला. बॉडी खड्ड्यात ठेवतानाच त्या करंगळी घालतात, डावा हात चालतो, अंगठा लागत नाही. तिसरं, जोराचा आलेख. चांगल्या नगात ओ-रिंग तोंडाशी शिरताना ९-१० न्यूटन लागतात, मग ५-६ वर येतं आणि आडव्या भोकापाशी हलका उंचवटा. सोललेल्या नगात तोच उंचवटा १४-१५ पर्यंत जाऊन एकदम पडतो. आता भोकापाशी १३ च्या वर गेलं की हात प्लंजर परत बाहेर काढतो आणि बॉडी कितव्या खड्ड्यातली आहे ते पडद्यावर दाखवतो. १८ च्या वर कुठेही गेलं तर थांबतो.

बर असलेल्या वीस बॉडी मुद्दाम मिसळून बघितल्या. हाताने चौदा पकडल्या, मावशींनी वीस.

९ जुलै

पाऊस. हवेच्या लाइनमध्ये पाणी आलं. ग्रिपर उघडायला उशीर करायला लागला आणि एकदा बोटं मिटली नसतानाच हात निघाला. कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी ड्रेन करायची पाटी लावली, आणि ग्रिपर मिटल्याची खात्री करणारा सेन्सर, जो मी पैसे वाचवायला टाळला होता, तो लावला.

त्याच आठवड्यात लाइट गेली. हात ब्रेक लावून जागच्या जागी थांबला, तो भाग उत्तम. पण ग्रिपरचा सोलेनॉइड एका कॉइलचा, स्प्रिंगने परत येणारा. करंट गेला आणि बोटं उघडली. प्लंजर खाली पडला, टोक चेपलं. आज प्लंजर होता, उद्या कुणाचं काचेचं भांडं असेल. आता दोन कॉइलचा व्हॉल्व्ह आहे, करंट गेला तरी होता त्या स्थितीत राहतो, आणि हवा निसटू नये म्हणून मागे नॉन-रिटर्न. लॅबमध्ये शिश्या उचलायला असा हात लावणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच करावं. तो व्हॉल्व्ह आणि सेन्सर मित्राकडून जुने मिळाले, म्हणून खर्चात नाहीत.

६ ऑगस्ट

हिशोब. हात ८,६०,०००. पासवर्डचे १८,०००. वाया गेलेलं टेबल २२,०००, बिडाचं १७,५००. ग्रिपर ४६,०००. तिन्ही ट्रे मिळून ३७,५००. बलमापक ७,५००. किरकोळ ९,०००. एकूण १०,१७,५००. काकांचे आणि माझे दिवस यात धरलेले नाहीत. प्रोग्रॅम लिहायला जेमतेम नऊ दिवस लागले असतील. बाकीचा सगळा वेळ टेबल, ट्रे, नळी, बोटं आणि पार्टच्या कडा यांत गेला.

मावशींना एका प्लंजरला २४ सेकंद लागायचे, तपासणीसकट. हाताला सुरुवातीला ४१ लागत होते, आता २९. म्हणजे हात अजूनही हळू आहे आणि मी तो आणखी पळवणार नाही. चारशे नगांना सव्वातीन तास होतात, ते पुरतात. टोपीचं काम मावशींकडेच ठेवलंय. टोपीची आटी बारीक आहे. त्या आधी उलटी फिरवतात, आटी ‘टक’ करून बसली की मग सुलटी. टोपीला जोर लागत नाही. गेल्या आठवड्यात दोन हजार नगांत हाताने अकरा परत केले, लीक टेस्टला दोन गेले.

अंगठ्याची सूज उतरलीय, असं मावशी म्हणाल्या. डॉक्टरांनी पट्टा काढायला सांगितला.

१९ ऑगस्ट

१० मिमीच्या व्हॉल्व्हची ऑर्डर आहे. नवी बोटं काकांनी काल दिली. कलतं किती धरायचं ते मी ८ मिमीवरून मोजून काढायला बसलो होतो. मावशी म्हणाल्या, “थांब, मला धरू दे.”

पेंडंटच्या, म्हणजे हात चालवायच्या पडद्याच्या मागचं फ्रीड्राइव्हचं बटण मी दाबून ठेवलं, म्हणजे हात ढिला होऊन हाताने हलवता येतो. त्यांनी डाव्या हाताने ग्रिपर धरला, प्लंजरची कड भोकाला टेकवली, जरा मागे घेतली, परत टेकवली. दोनदा मान नकारार्थी हलवली. तिसऱ्यांदा थांबल्या. “इथे.” पडद्यावर साडेपाच अंश. ८ मिमीला चार होते. ते नोंदवून घेतलं, नाव दिलं ‘मावशी १०’. उद्या पहिला ट्रे.